कामावरील अपघात आणि कुटुंबाचा हक्क

नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी गोंदिया, डोंगरगड आणि राजनांदगाव ही स्थानके मागे टाकून दुर्गला पोहोचते. दुर्गच्या पुढे लगेचच भिलाईच्या धुराड्यांची रांग क्षितिजावर दिसू लागते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हा प्रदेश आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. मराठी माणसाला भिलाई कधी फार दूरची वाटली नाही, याचे एक कारण हेही आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या रुळांवरून आपली गाडी धावते, त्यांपैकी कितीतरी रूळ याच कारखान्यात ओतलेल्या पोलादाचे आहेत.

या कारखान्याभोवती सेक्टरांमध्ये वसलेल्या नगरीचा मध्यबिंदू म्हणजे सिविक सेंटर. दुकाने, बँका, नेहरू आर्ट गॅलरी आणि कृष्णार्जुनाच्या रथाचे शिल्प या सर्वांमुळे संध्याकाळी येथे कुटुंबांची वर्दळ असते. पहिली पाळी आटोपून आलेला कामगार मुलांना घेऊन येथे येतो, गृहिणी महिन्याचा बाजार करतात, सेवानिवृत्त मंडळी गप्पा मारतात. ज्यांच्या श्रमावर देशाचे पोलाद तयार होते, त्यांचा गृहसंसार कसा चालतो हे पाहावयाचे असेल तर सिविक सेंटरमध्ये तासभर थांबावे.

या शांत वर्दळीमागे एक जाणीव मात्र सदैव असते. जेथे वितळलेले लोखंड वाहते, विषारी वायूच्या नळ्या डोक्यावरून जातात आणि अजस्र याऱ्या ओझी उचलतात, तेथे धोका हा कामाचाच एक भाग असतो. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत दोन वरिष्ठ अधिकारी होते. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागातील वायुवाहिनीला आग लागून दहाहून अधिक कर्मचारी प्राणास मुकले. अशा मोठ्या दुर्घटनांची वार्ता देशभर जाते. एखाद्याचा अंगठा यंत्रात सापडतो, एखाद्याच्या डोळ्यात ठिणगी जाते, एखादा परातीवरून पडतो. त्याची बातमी होत नाही, पण त्या घरापुरता तो आघात तितकाच मोठा असतो.

वाचकहो, अशा प्रसंगी शेजारी धावून येतात, सहकारी वर्गणी जमवितात आणि मालकही काही रक्कम देऊ करतो. ही माणुसकी वंदनीय आहे. परंतु कायद्याने जी नुकसानभरपाई ठरवून दिली आहे, ती कोणाच्या दयेवर अवलंबून नाही. तो त्या कुटुंबाचा हक्क आहे. त्याची माहिती नसल्यामुळे कित्येक कुटुंबे मिळेल त्यावर समाधान मानतात आणि मुदत उलटून गेल्यावर जागी होतात. म्हणून हा विषय केवळ कामगाराने नव्हे, तर घरातील प्रत्येक जाणत्या माणसाने समजून घेतला पाहिजे.

हक्काची जन्मकथा

या हक्काची मागणी आपल्याकडे प्रथम कोणी केली, हे मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. त्यांचे पुढारी होते ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे ठेवण्यात आले. आठवड्यातून एक दिवस सुट्टी ही त्यातील मागणी पुढे प्रसिद्ध झाली, आणि १८९० साली मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. त्याच निवेदनातील आणखी एक मागणी आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. काम करताना गंभीर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या उपजीविकेची तरतूद व्हावी, अशी ती मागणी होती.

त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा मंजूर झाला. इंग्लंडमध्ये असा कायदा १८९७ साली आला. आपल्या देशात मात्र लोखंडे यांच्या निवेदनानंतर जवळजवळ चाळीस वर्षे वाट पाहावी लागली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाई अधिनियम मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला.

या कायद्याने एक मूलभूत बदल घडविला. पूर्वी जखमी कामगारास न्यायालयात जाऊन मालकाची हयगय सिद्ध करावी लागे. ज्याचा हात तुटला आहे, ज्याची चूल बंद पडली आहे, अशा माणसाला ते कसे शक्य व्हावे? नव्या कायद्याने हा भार उतरविला. चूक कोणाची, हा प्रश्नच मागे पडला. अपघात नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाला एवढे दिसले की मालकाचे दायित्व सुरू होते. कारखान्याच्या नफ्यात जसा यंत्राच्या झिजेचा खर्च धरला जातो, तसाच माणसाच्या हानीचाही खर्च धरला जावा, हे त्यामागील तत्त्व होय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून जुन्या अधिनियमातील तरतुदी आता तिच्या सातव्या प्रकरणात समाविष्ट झाल्या आहेत. पूर्वी जे काम कामगार भरपाई आयुक्त करीत, ते संहितेत ‘सक्षम प्राधिकारी’ या नावाने सोपविले आहे. तत्त्व मात्र तेच राहिले आहे. संहिता लागू होण्यापूर्वी झालेल्या अपघातांचे दावे साधारणतः जुन्या अधिनियमाप्रमाणेच चालतात. म्हणून अर्जाचा नमुना आणि कार्यालयाचा पत्ता आपल्या जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातून विचारून घेणे इष्ट.

कामाचा ओघ कोठे संपतो?

‘नोकरीच्या ओघात’ या दोन शब्दांवर आजवर असंख्य वाद झाले आहेत. अपघात यंत्राजवळच झाला पाहिजे काय? फाटकाबाहेर पाऊल टाकताच हक्क संपतो काय?

मुंबईचे एक उदाहरण पाहू. १९५७ साली बेस्टच्या एका बसचालकाने आपली बस जोगेश्वरीच्या डेपोत लावली आणि सांताक्रूझच्या घरी परतण्यासाठी तो बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. वाटेत त्या बसला अपघात होऊन तो मरण पावला. त्याच्या पत्नीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ साली न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला की, चालकांनी वेळेवर कामावर यावे यासाठीच त्यांना बसने प्रवासाची सोय दिलेली असल्यामुळे तो प्रवास नोकरीचाच भाग होता. पत्नीचा हक्क मान्य झाला.

दुसरे उदाहरण मराठवाड्यातील आहे. एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीन वाजता सुरू होणाऱ्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता. २२ एप्रिल २००३ चा तो दिवस. कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघात होऊन तो दगावला. मागे पत्नी, चार मुले आणि वृद्ध आई. २००९ साली उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरपाई आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. २०११ साली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण अपघात कारखान्याबाहेर झाला होता. अखेर २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय पुन्हा कायम केला. घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासात झालेला अपघात, त्याची वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, नोकरीच्या ओघातीलच होय, असे न्यायालयाने म्हटले. नव्या संहितेत तर ही गोष्ट स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे.

बावीस वर्षे हा फार मोठा काळ आहे. त्या घरातील मुले न्यायाची वाट पाहता पाहता मोठी झाली असतील. पण त्या कुटुंबाने वाट सोडली नाही, म्हणून आज हजारो घरांची वाट सुकर झाली.

अपघाताबरोबरच काही व्यवसायजन्य रोगांनाही हाच नियम लागू आहे. दगडाची सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस किंवा सततच्या आवाजामुळे येणारा बहिरेपणा असे रोग कायद्याच्या परिशिष्टात दिलेले आहेत आणि ते अपघातासमान मानले जातात.

दायित्वाला काही अपवादही आहेत. अपंगत्व तीन दिवसांहून अधिक टिकले नाही, तर भरपाई मिळत नाही. कामगार मद्य किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असेल, सुरक्षिततेचा नियम त्याने जाणूनबुजून मोडला असेल किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकले असेल, तर मालक दायित्व नाकारू शकतो. परंतु मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल, तर ही सबब चालत नाही. ‘त्यानेच शिरस्त्राण घातले नव्हते’ असे म्हणून कोणी विधवेला परत पाठवू लागला, तर हा नियम तिने लक्षात ठेवावा.

रक्कम कशी ठरते?

भरपाईचे गणित घरबसल्या करता येण्याजोगे आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाची ५० टक्के रक्कम घ्यावयाची आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने तिला गुणावयाचे. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ५० ऐवजी ६० टक्के धरावयाचे. वय जितके कमी तितका गुणक मोठा, कारण कमाईची तितकी अधिक वर्षे हिरावली जातात. २५ व्या वर्षी गुणक २१६.९१ आहे, ३५ व्या वर्षी १९७.०६, ४५ व्या वर्षी १६९.४४ आणि ५५ व्या वर्षी १३५.५६.

समजा, ३५ वर्षांच्या कामगाराचे वेतन दरमहा १२,००० रुपये आहे. त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबास ६,००० गुणिले १९७.०६, म्हणजे ११,८२,३६० रुपये मिळावयास हवेत. तो कायमचा पूर्ण अपंग झाला, तर ७,२०० गुणिले १९७.०६, म्हणजे १४,१८,८३२ रुपये. हिशेबासाठी धरावयाच्या वेतनावर सरकार मर्यादा घालते. जुन्या अधिनियमाखाली जानेवारी २०२० मध्ये ती दरमहा १५,००० रुपये करण्यात आली होती. अधिक वेतन असलेल्याचा हिशेब त्या मर्यादेपुरताच होतो.

अंशतः अपंगत्वासाठी कायद्यात एक तक्ता आहे. अंगठा गेल्यास ३० टक्के, दुसरा डोळा शाबूत असून एक डोळा गेल्यास ४० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के कमाईची शक्ती नष्ट झाली असे मानतात. वरील उदाहरणातील कामगाराचा अंगठा गेला, तर १४,१८,८३२ रुपयांचे ३० टक्के, म्हणजे सुमारे ४,२५,६५० रुपये त्यास मिळतील. अपंगत्व तात्पुरते असेल, तर मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम दर पंधरवड्यास मिळते, अधिकाधिक पाच वर्षांपर्यंत. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकानेच भरून द्यावयाचा असतो. मृत्यूनंतर अंत्यसंस्कारासाठी किमान १५,००० रुपये वेगळे.

हा तक्ता शेवटचा शब्द मात्र नव्हे. १९६८ साली ओडिशात एका चित्रपटगृहात सजावटीचे काम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे होते. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सुताराच्या दृष्टीने ही संपूर्ण हानी होय, असे न्यायालय म्हणाले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालाने ठरले. यावरून हे ध्यानात ठेवावे की, वैद्यकीय दाखल्यात केवळ अवयवाची हानी लिहून भागत नाही. ती व्यक्ती आपले पूर्वीचे काम करू शकेल की नाही, हेही डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे.

विमा की भरपाई?

ज्यांचा राज्य कामगार विमा योजनेत समावेश आहे, त्यांचा मार्ग थोडा वेगळा आहे. ही योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली आणि १९५४ साली नागपूर व मुंबईत आली. २०१७ साली तिच्यासाठी वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरविण्यात आली. विमाधारक कामगारास अपघातानंतर मालकाकडून एकरकमी भरपाई मागता येत नाही. त्याऐवजी विमा महामंडळाकडून तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम, कायमच्या अपंगत्वात हानीच्या प्रमाणात मासिक रक्कम आणि मृत्यूनंतर अवलंबितांना मासिक निवृत्तिवेतन मिळते. म्हणून घरातील कमावत्या व्यक्तीचा विमा क्रमांक आहे काय, हे आजच विचारून घ्यावे. दोन्ही दारे एकाच वेळी उघडत नाहीत, पण दोहोंपैकी एक दार नक्की उघडते.

कंत्राटी कामगाराच्या कुटुंबास बहुधा सांगण्यात येते की, तुमचा मालक कंत्राटदार, मोठ्या कारखान्याशी तुमचा संबंध नाही. हे खरे नाही. आपल्या धंद्याचे काम कंत्राटदाराकडून करवून घेणारा मुख्य मालकही भरपाईस बांधलेला असतो. पुढे ती रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करणे, हा त्या दोघांमधील व्यवहार आहे. कुटुंबाने त्यात अडकून पडू नये.

कुटुंबाने काय करावे?

अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर लेखी द्यावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी. रुग्णालयात कामगार मालकाच्या गाडीतून आला असो वा शेजाऱ्याच्या, ‘कामावर असताना अपघात’ अशी नोंद केसपेपरवर झाली आहे की नाही, हे नातेवाइकांनी पहिल्याच दिवशी पाहावे. वेतनाची पावती, गेट पास, हजेरीची नोंद, वयाचा दाखला, औषधांची बिले आणि मृत्यू झाला असल्यास पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल, ही कागदपत्रे एकत्र ठेवावीत. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावे टिपून ठेवावीत, कारण कालांतराने साक्षीदार बदली होऊन दूर जातात.

दावा अपघातापासून किंवा मृत्यूपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा. योग्य कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण त्या आशेवर राहू नये. अर्ज कोठे करावा, हा प्रश्न परगावच्या कुटुंबांना फार छळतो. समजा, पती भिलाईच्या एखाद्या कंत्राटावर होता आणि पत्नी मुलांसह गोंदियास राहते. तिला भिलाईस खेटे घालण्याची गरज नाही. अपघाताच्या ठिकाणी किंवा अर्जदार राहतो त्या ठिकाणी, दोन्हीकडे अर्ज करता येतो. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही तिची बाजू मांडण्यास साहाय्य करू शकतो.

सर्वांत महत्त्वाची सावधगिरी म्हणजे घाईने केलेली तडजोड. दुःखाच्या भरात पाच-पन्नास हजार रुपये हाती ठेवून कोऱ्या कागदावर सही घेण्याचे प्रकार घडतात. मृत्यूच्या बाबतीत कायदा सांगतो की, भरपाईची रक्कम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावयाची आहे. मालकाने परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतच्या आगाऊ रकमेखेरीज, भरपाई म्हणून धरली जात नाही. प्राधिकारी ती रक्कम पत्नी, मुले आणि आई यांच्यात वाटतो आणि अज्ञानांचा वाटा त्यांच्या हितासाठी गुंतवून ठेवू शकतो. त्यामुळे सासर-माहेरच्या ओढाताणीत विधवेचा आणि मुलांचा घास हिरावला जात नाही. जखमी कामगाराशी केलेला एकरकमी करारही प्राधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी असेल किंवा दडपणाखाली सही घेतली असेल, तर तो नोंदणी नाकारू शकतो. मालकाने देय रक्कम महिन्याभरात दिली नाही, तर तिच्यावर व्याज चढते, आणि सबळ कारण नसल्यास मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊ शकतो. जुन्या अधिनियमात हे व्याज दरसाल १२ टक्के होते.

वाचकहो, नुकसानभरपाईने गेलेला हात परत येत नाही आणि गेलेला माणूस तर नाहीच नाही. अपघात न होऊ देणे हेच पहिले कर्तव्य आहे, आणि ते मालकाचे, देखरेख करणाऱ्याचे आणि कामगाराचे सारखेच आहे. तरीही दुर्दैव ओढवलेच, तर मुलांची शाळा बंद पडू नये, घरभाडे थकू नये आणि वृद्ध आईबापांना दुसऱ्याच्या दारी जावे लागू नये, एवढी तरतूद समाजाने कायद्याच्या रूपाने करून ठेवली आहे. ती मागण्यात संकोच कसला? आजच एक पिशवी घ्या. तिच्यात घरातील कमावत्या माणसाच्या वेतनपावत्या, नेमणुकीचा कागद, वयाचा दाखला आणि विमा क्रमांक ठेवा, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातील सर्वांना सांगून ठेवा. ती पिशवी उघडण्याची वेळ कोणत्याही घरावर न येवो. आली, तर आपला हक्क मागण्यासाठी ती हाताशी असावी.